रेडिएटर नवा, पंखा नवा, तरी गाडी तापतेच: कुठे कुठे बघायचं

जुना पितळी रेडिएटर काढून ॲल्युमिनियमचा बसवला. फॅनबेल्टवर फिरणारा पंखा काढून विजेवर चालणारा लावला. आठवडाभर तापमानाचा काटा मधोमध बसून होता. मग एका दुपारी सिग्नलला उभं असताना तो हळूहळू वर सरकायला लागला. गाडी हलली की खाली, थांबली की पुन्हा वर. माझी गाडी कार्ब्युरेटरची, बिडाच्या ब्लॉकची, चार सिलिंडरची. तिच्यात हे तीनदा झालं आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. म्हणून इथे नुसती माझी गोष्ट सांगत नाही, तपासायचा क्रम सांगतो.

पहिल्यांदा तापली तेव्हा मी जे केलं ते बहुतेक जण करतात: आणखी मोठा पंखा आणला. बारा इंचीच्या जागी सोळा इंची. गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापायला लागली. असं का, ते पुढे येईलच.

आधी विचारा, कधी तापते

डॉक्टरकडे गेलं की तो विचारतो, ताप कधी येतो? इथेही पहिला प्रश्न तोच, आणि अर्धं निदान त्यातच होतं.

उभी असताना किंवा रांगेत सरकताना तापते आणि ताशी पन्नास-साठच्या वेगाला लागली की काटा उतरतो, तर अडचण हवेत आहे. त्या वेगाला समोरून येणारी हवाच रेडिएटरला पुरते, पंख्याची गरज उरत नाही. म्हणजे संशय पंख्यावर, त्याच्या वायरिंगवर, स्विचवर आणि श्राउडवर (पंख्याभोवतीच्या घेरावर). या वेळी पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की उघडणारी झडप) उघडत बसू नका.

उलट, उभी असताना निवांत पण मोकळ्या रस्त्यावर वेगात किंवा चढाला तापत असेल, तर हवा भरपूर आहे, पाणी फिरत नाही किंवा उष्णताच जास्त तयार होतेय. तेव्हा पंख्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर, मग गाडी उभी असो की चालती: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, सिस्टिममध्ये हवा अडकलीय किंवा हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय.

आणि इंजिन बंद केल्यावर दोन-चार मिनिटं काटा थोडा चढत असेल तर तो आजार नाही. पंप थांबला, पाणी जागच्या जागी राहिलं, बिडाच्या ब्लॉकमधली उष्णता त्यात उतरली, एवढंच.

हे कागदावर लिहून ठेवा. खरंच लिहा. मी मेकॅनिकला पहिल्यांदा फक्त "तापते" एवढंच सांगितलं होतं आणि त्याने बिचाऱ्याने अर्धा दिवस वॉटर पंप उघडण्यात घालवला. पंप ठणठणीत होता.

काटा खरं बोलतोय का

जुन्या गाडीतला तापमानाचा काटा मुळातच फार खात्रीचा नसतो. पण इलेक्ट्रिक पंखा बसवल्यावर एक नवीनच भानगड सुरू होते. पंखा सुरू झाला की काटा चटकन वर उडी मारतो आणि पंखा बंद झाला की लगेच खाली येतो. चार-पाच लिटर पाणी एका सेकंदात तापत नाही की निवत नाही. काटा असा टणकन हलला की समजायचं, हा विजेचा खेळ आहे.

कारण साधं आहे. इंजिनावरच्या सेन्सरला एकच वायर असते, त्याची अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट) इंजिनाच्या धातूतून जाते. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थची पट्टी वर्षानुवर्षांच्या तेलाने, गंजाने खराब झालेली असते. पंख्याची अर्थही तिथेच कुठेतरी जोडली की दहा-पंधरा अँपिअर त्या कमजोर जोडातून जायला बघतात, तिथे अर्धा-एक व्होल्ट पडतो आणि मीटर चुकतो. हेडलाइट लावून बघा. त्यानेही काटा हलला तर शंकाच नको. पट्टी काढायची, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत करायची, नाहीतर सरळ नवीन टाकायची. बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनाला एक जाड वायर दिली तर उत्तमच.

खरं तापमान बघायला इन्फ्रारेड थर्मामीटर सोयीचा, पण ॲल्युमिनियमच्या चकचकीत टाकीवर तो साफ खोटं बोलतो. पाणी ९० अंशांवर असताना मला त्याने ४० च्या आसपास आकडा दाखवला होता आणि मी खुळ्यासारखा खूश झालो होतो. चकाकणारा धातू उष्णतेचे किरण फार कमी सोडतो, म्हणून असं होतं. टाकीवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्यावर नेम धरा. किंवा थर्मोस्टॅटच्या बिडाच्या झाकणाशेजारी मोजा.

थर्मोस्टॅट साधारण ८२ किंवा ८८ अंशांना उघडायला लागतो, पूर्ण उघडायला आणखी दहा-बारा अंश घेतो. त्यामुळे ९० ते ९५ ला गाडी चालत असेल तर ती तापलेली नाही, ती तशीच चालायला हवी. नवीन डिजिटल मीटर लावल्यावर ९४ आकडा बघून घाबरणारे बरेच जण भेटतात. आधी काटा नुसता "मध्ये" असायचा म्हणून झोप लागत होती.

पंख्याच्या प्लगवर किती व्होल्ट

आता माझ्या सोळा इंची पंख्याकडे येतो.

पंखा फिरत होता. डोळ्यांना तर जोरात फिरत होता. आवाजही भरपूर. "पंखा चालू आहे ना? मग पंख्याचा प्रश्न नाही," असं मेकॅनिक म्हणाला आणि मलाही पटलं. पुढे माझा एक इलेक्ट्रिशियन मित्र आला. त्याने बाकी काही बघितलंही नाही, आधी पंख्याच्या प्लगची वायर दोन बोटांत धरली. "अरे, ही तर कोमट आहे," म्हणाला. प्लग काढला तर पांढरं प्लास्टिक एका पिनभोवती तपकिरी होऊन वितळलेलं.

मग मल्टिमीटर. गाडी आयडलवर (उभी, ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन सुरू), पंखा चालू. बॅटरीच्या टोकांवर १२.२ व्होल्ट. पंख्याच्या प्लगवर, पंखा फिरत असताना, ९.८. म्हणजे २.४ व्होल्ट वाटेतच गेले. कुठे गेले हे शोधायची युक्ती सोपी आहे. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं पंख्याच्या पॉझिटिव्ह पिनला लावायचं: जो आकडा दिसेल तो पॉझिटिव्ह वायरमधला तोटा. तसंच बॅटरीच्या निगेटिव्हपासून पंख्याच्या निगेटिव्हपर्यंत. माझ्याकडे पहिल्या बाजूला १.३ आणि दुसऱ्या बाजूला १.१ निघाले. अर्थच्या बाजूला कुणी बघतच नाही. माझी अर्थ रेडिएटरच्या रंगवलेल्या पट्टीवर एका स्क्रूने आवळली होती. रंगावर!

हे मापन पंखा चालू असतानाच घ्या. प्लग काढून मोजलं तर वायर केसासारखी बारीक असली तरी पूर्ण बारा व्होल्ट दाखवेल, कारण करंटच वाहत नाही. आणि दोन्ही बाजूंना मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत तोटा असेल तर वायरिंग चांगलं म्हणायचं.

व्होल्टेज पडलं की पंख्याचे फेरे कमी, फेरे कमी की हवा कमी. मोठ्या पंख्याने जास्त करंट ओढला, तसा बारीक वायरमधला तोटाही वाढला. त्या सगळ्या खटाटोपात मी डॅशबोर्डवरच्या जुन्या स्विचमधून, एक चौरस मिलिमीटरच्या वायरने हा पंखा चालवत होतो. सुरू होताना पंखा चालू करंटच्या दुप्पट-तिप्पट झटका घेतो. तो स्विच जळाला नाही हे माझं नशीब.

करायचं ते असं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून चार चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळच ३० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) ३० नंबर पिनला. ८७ वरून पंख्याला. ८५ आणि ८६ म्हणजे रिलेची कॉइल: एका पिनला चावी फिरवल्यावरच वीज येणारी बारीक वायर, दुसरी तापमानाच्या स्विचमधून अर्थला. पंख्याची निगेटिव्ह वायरही तितकीच जाड, आणि ती बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत किंवा खरवडून साफ केलेल्या चासीच्या बोल्टवर. फ्यूज बॅटरीजवळच का? कारण फ्यूजच्या आधी वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर ती थांबवायला मध्ये काहीच नसतं.

काही जण पंख्याची मुख्य वायरच इग्निशनच्या सर्किटवरून घेतात. ते करू नका. वायर आणि स्विचवर ताण येतो तो वेगळाच, पण गाडी बंद करताना फिरता पंखा जनरेटरसारखी उलटी वीज देतो आणि चावी काढली तरी इंजिन क्षणभर चालूच राहतं. असं होत असेल तर घाबरू नका, भूत नाही, वायरिंग आहे.

वीज येते कुठून

वायरिंग नीट झाल्यावर दिवसा गाडी सुतासारखी सरळ झाली. संध्याकाळी हेडलाइट लावून रांगेत अडकलो आणि काटा पुन्हा चढला. ही दुसरी वेळ.

माझ्या गाडीत तेव्हा डायनमो, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र, होता. त्या काळच्या अनेक गाड्यांत असलेला लुकासचा सी-४० डायनमो घ्या, त्याची क्षमता २२ अँपिअर, आणि तीही फेरे असताना. आयडलवर तो जवळजवळ काहीच देत नाही. पंखा पंधरा, हेडलाइट आठ-नऊ, इग्निशन तीन-चार. बेरीज करा. पंख्याची गरज नेमकी आयडललाच लागते आणि वीज नेमकी तेव्हाच नसते. सगळं बॅटरीतून ओढलं जातं, व्होल्टेज उतरत जातं, पंखा मंदावतो, पाणी तापतं, पंखा बंदच होत नाही, बॅटरी आणखी उतरते. असं चक्र बसलं की शेवटी गाडी तापून नाही, बॅटरी बसून बंद पडते.

डायनमोच्या गाडीत मोठा इलेक्ट्रिक पंखा लावायचा असेल तर आधी अल्टरनेटर (डायनमोच्या जागी आलेलं वीज तयार करणारं यंत्र) बसवा. सुरुवातीच्या काळातले ३५ अँपिअरचे अल्टरनेटरही आयडलला जेमतेमच असतात. आयडलवर, पंखा आणि दिवे चालू ठेवून बॅटरीवर १३ च्या वर व्होल्ट दिसले पाहिजेत. नाही दिसले तर पंख्याची जाहिरात कितीही हवा फेकत असली तरी तुमच्या गाडीत ती हवा येणार नाही.

आणि अगदी मनातलं सांगतो. डायनमोची गाडी असेल, मूळ रेडिएटर आतून साफ करून घेतला, श्राउड शाबूत असेल, तर फॅनबेल्टवरचा पंखा बहुतेकदा पुरतो. मी सगळं करून बसलो म्हणून इथे लिहितोय.

स्विच कुठे बसवलाय

पंखा उशिरा सुरू होतो किंवा सुरूच होत नाही, याचं मूळ बहुतेकदा स्विचच्या जागेत असतं. बाजारातल्या रेडिएटरला स्विचसाठी आटे पाडलेली जागा बऱ्याचदा खालच्या टाकीत, म्हणजे थंड होऊन निघालेल्या पाण्याच्या बाजूला असते. वरून येणारं आणि खालून जाणारं पाणी यांत पाच-दहा अंशांचा फरक सहज असतो. तिथे ९५ ला लागणारा स्विच बसवला तर तो लागेपर्यंत इंजिनातलं पाणी १०२-१०५ ला पोचलेलं असतं. खालच्या टाकीत बसवायचा असेल तर ८५ च्या आसपास लागणारा घ्या. वरच्या बाजूला, इंजिनातून पाणी निघतं तिथे, ९२-९५ ला लागून ८७-९० ला सुटणारा ठीक.

काही किटमध्ये रेडिएटरच्या जाळीत खोचायची सळई येते. ती ज्या पट्टीला टेकते तिचं तापमान सांगते, आणि पंखा चालू झाला की वाऱ्याने ती आधीच निवते. पंखा भुरभुर चालू-बंद होत राहतो. सोय म्हणून लावा, तिच्यावर भिस्त ठेवू नका.

आता तिसरी वेळ. नवीन स्विच बसवला, गाडी तापली, पंखा थंडच. स्विचची वायर काढून बॉडीला टेकवली तर पंखा सुरू. म्हणजे रिले, पंखा, फ्यूज सगळं ठीक, स्विच खराब. स्विच काढून गरम पाण्याच्या भांड्यात धरला, मीटर लावला, तर ९३ ला बरोबर लागला! परत बसवला, पुन्हा मेला. दोन दिवस डोकं खाजवलं. स्विच एका वायरचा, अर्थ स्वतःच्या आट्यातून घेणारा. मी गळती नको म्हणून त्याला टेफ्लॉनचे चार वेढे दिले होते. त्यात भर म्हणजे रेडिएटर रबराच्या बुशवर बसलेला, पाण्याच्या नळ्या (होज) रबरी: रेडिएटरला अर्थच नव्हती. जुन्या पितळी रेडिएटरचे कान थेट बॉडीला बोल्टने आवळलेले असायचे म्हणून हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

उपाय: दोन पिनांचा स्विच घ्या, अर्थची वायर वेगळी द्या. रेडिएटरला मुद्दाम अर्थ देऊ नका. ॲल्युमिनियम, कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव) आणि भरकटलेला करंट एकत्र आले की आतून बारीक भोकं पडायला लागतात. हे तपासायला मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं रेडिएटरची कॅप उघडून कूलंटमध्ये बुडवा, धातूला न टेकवता. इंजिन थंड असताना एकदा, मग सगळे दिवे-पंखा चालू करून एकदा. ०.१ व्होल्टच्या वर आकडा जात असेल तर कुठली तरी अर्थ खराब आहे आणि तिचा करंट पाण्यातून रस्ता काढतोय. एकेक उपकरण बंद करत जा, आकडा पडला की चोर सापडला. जुनं कूलंटही हा आकडा वाढवतं, म्हणून ते बदलूनही बघा.

हवा जाते कुठे

एक कागद घ्या. इंजिन आयडलवर, पंखा चालू, कागद गाडीच्या समोरच्या जाळीपाशी धरा. तो रेडिएटरकडे खेचला जाऊन चिकटला पाहिजे. बाहेर उडत असेल तर पंखा उलटा फिरतोय. इंजिनाच्या बाजूला लावलेला पंखा हवा ओढतो, पुढच्या बाजूला लावलेला ढकलतो, आणि प्रत्येकाची पाती त्याप्रमाणे वळलेली असतात. नुसत्या वायरी उलट्या करून दिशा बदलते खरी, पण पात्यांचा बाक उलटा पडतो आणि हवा बरीच कमी होते. पाती काढून पलटता येत असतील तर पलटा.

श्राउडकडे तर लोक अगदीच दुर्लक्ष करतात. श्राउड म्हणजे पंख्याभोवतीचा पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा घेर, जो रेडिएटरची सगळी जाळी झाकतो. २० बाय १६ इंचाची जाळी म्हणजे ३२० चौरस इंच. सोळा इंची पंख्याचं वर्तुळ सुमारे २०० चौरस इंच. श्राउडशिवाय पंखा जाळीला चिकटवला तर उभ्या गाडीत तेवढ्याच भागातून हवा जाते, बाकीचे कोपरे नुसते बसून असतात. श्राउड लावताना जाळी आणि घेर यांत इंचभर तरी पोकळी ठेवा, म्हणजे कोपऱ्यांतली हवा पंख्यापर्यंत येईल. पण वेगात हाच श्राउड हवेला आडवा येऊ शकतो, म्हणून चांगल्या श्राउडला रबराच्या झडपा असतात: वेगात उघडतात, थांबलं की मिटतात.

जाळीतून आरपार प्लास्टिकच्या टाय घालून पंखा बांधायची पद्धत मला मुळीच आवडत नाही. गाडी हादरते, टाय घासते, एक दिवस नळीला भोक. पंखा श्राउडवर किंवा टाकीच्या पट्ट्यांवरच बसवा.

आणखी एक जागा. मूळ रेडिएटर आणि बॉडी यांच्यात फट नसायची, नवीन रेडिएटर मापाचा नसतो म्हणून बाजूंना दोन-दोन बोटं मोकळी राहतात. उभ्या गाडीत पंखा त्याच फटींतून इंजिनाकडची गरम हवा पुढे ओढून पुन्हा तीच रेडिएटरमधून फिरवतो. फोमची किंवा रबराची पट्टी लावून फटी बुजवा. अर्ध्या तासाचं काम, पण माझ्या गाडीत नुसत्या एवढ्याने आयडलवर चार-पाच अंश उतरले.

वेगात तापत असेल तर

खालच्या होजपासून सुरुवात करा. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. जुना मऊ पडलेला होज फेरे वाढवले की आत चिपकतो आणि पाणी अडतं. कुणाला तरी ॲक्सिलरेटर धरायला सांगा आणि तुम्ही बघत राहा. आत स्प्रिंग असलेला होज हवा.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कुणी ना कुणी देतोच. कुतूहल म्हणून भांड्यात गरम पाण्यात तपासा, खराब असेल तर नवीन टाका, पण काढून चालवू नका. इंजिन गरज आहे तितकं तापत नाही, तेल पातळ होत नाही, पेट्रोल जास्त जातं. आणि ज्या कारणाने गाडी तापत होती ते कारण तसंच राहतं.

पितळी रेडिएटर काढून ॲल्युमिनियमचा लावला आणि ब्लॉक साफ केला नाही, तर ब्लॉकमधला गंज आणि गाळ नवीन रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतो. बिडाच्या ब्लॉकमध्ये मागच्या सिलिंडरच्या तळाशी हा गाळ साचतो. ब्लॉकच्या बाजूचा ड्रेनचा नळ किंवा प्लग उघडला आणि पाणी आलंच नाही तर समजा गाळाने भोक बुजलंय. तारेने टोचून मोकळं करा, मग उलट्या दिशेने पाणी सोडून स्वच्छ येईपर्यंत धुवा. नवीन रेडिएटर जोडण्याआधी.

याशिवाय ठिणगीचं टायमिंग मागे पडलेलं, कार्ब्युरेटरचं मिश्रण फार पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), ब्रेक चिकटलेले: या तिन्हींनी इंजिनात जास्त उष्णता तयार होते किंवा त्याला विनाकारण जोर लावावा लागतो. रेडिएटरचा त्यात दोष नाही.

हवा, कॅप, गॅस्केट

नवीन रेडिएटरची कॅप कधी कधी थर्मोस्टॅटच्या झाकणापेक्षा किंवा हीटरच्या नळ्यांपेक्षा खाली येते. मग भरताना हवा वर अडकते. गाडीचं पुढचं टोक उतारावर वर करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, थंड इंजिनात कॅप काढून भरत राहा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत आयडलवर चालवा, बुडबुडे थांबेपर्यंत. थर्मोस्टॅटच्या पट्टीला दोन-तीन मिलिमीटरचं भोक असेल तर ते वरच्या बाजूला ठेवून बसवा, हवा तिथून निघून जाते.

बुडबुडे थांबतच नसतील, थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा टणक होत असेल, तर हेड गॅस्केटमधून जळका वायू पाण्यात येतोय. मग बाकी सगळं सोडा.

कॅपवरचा दाबाचा आकडा बघा. शुद्ध पाणी अर्धा बार दाबाखाली सुमारे १११ अंशांना उकळतं, ०.९ बारला ११८ च्या पुढे. पण जुन्या गाडीत अर्धा बारची कॅप असेल आणि तुम्ही नवीन रेडिएटरबरोबर आलेली १.१ ची लावली, तर रेडिएटर टिकेल, जुना हीटर मात्र डॅशबोर्डखाली फुटेल. सिस्टिममधल्या सगळ्यात अशक्त भागाप्रमाणे कॅप निवडा. कूलंट ॲल्युमिनियमला चालणारं आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलेलं. नळाचं पाणी नको. नुसतं कूलंट, पाणी न मिसळता, हेही नको: उष्णता वाहून नेण्यात साधं पाणीच सरस, कूलंट गंज आणि उकळणं रोखण्यासाठी.

तापलेल्या गाडीची कॅप उघडू नका, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही दरवर्षी कुणाचे ना कुणाचे हात भाजतात. इलेक्ट्रिक पंख्याबाबत आणखी एक: थेट बॅटरीवरून स्विच लावलेला असेल तर इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो. हात घालण्याआधी प्लग काढून बाजूला ठेवा.

माझ्या गाडीत आता अल्टरनेटर आहे, रिले आहे, दोन पिनांचा स्विच आहे आणि पुन्हा तोच आधीचा बारा इंची पंखा आहे, पूर्ण श्राउडसह. सोळा इंची खोक्यात पडून आहे. सिग्नलला ९३ ला पंखा लागतो, मिनिट-दीड मिनिटात ८८ ला सुटतो. फक्त एक गोष्ट अजून राहिलीय: पंखा लागताना आयडल थोडं पडतं आणि इंजिन किंचित अडखळतं. कार्ब्युरेटरचा आयडलचा स्क्रू पाव फेरा आत घेऊन बघणार आहे.